दुसरीला कुठं ठेवलंस

महाड,
मंगळवार, २२ ऑक्टोबर २००२

आदरणीय फुफीजान यांना उझ्माचा अदबीने सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे, साखर किती आली, आणि पोट कसे आहे? (पहिले दोन प्रश्न रिवाजाचे आहेत. तिसरा नाही.) काल संध्याकाळी फोनवर मी ‘तो स्टीलचा पेला माठाजवळ ठेवू नका, उकळून वेगळा ठेवा’ एवढेच बोलून फोन ठेवला, त्याची माफी मागते. नंतर तुमचा तीनदा फोन आला, पण तिन्ही वेळा अब्बा शेजारी बसलेले होते, म्हणून मी ‘सगळी खैरियत आहे’ म्हटले. तसे खात्रीने सांगता येत नाही, आणि खात्री नसेल तर बोलू नये हे तुम्हीच शिकवलेत.

आधी एक दुरुस्ती. सात तारखेच्या पत्रात मी तुम्हाला मोठ्या तोऱ्यात लिहिले होते की पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अलीकडे, धारेच्या वाडीत माझी पाहणी सुरू आहे आणि तिथे एकही माणूस आजारी नाही. ते चूक होते. एक माणूस आजारी होता. नाव समीक्षा, वय नऊ महिने. मी तिला मांडीवर घेतले होते, तिने माझ्या वहीचा कोपरा चघळला होता, आणि तिची आई रखमा सहज म्हणाली होती, “चार दिस पातळ करते गो, दात येतायत.” मी ‘शेरा’ या रकान्यात ‘दात’ असे लिहिले आणि ‘आजारी’ या रकान्यात शून्य. पुढचे सगळे त्या शून्यातून निघाले आहे.

तुम्हाला ठाऊक आहेच की तिसऱ्या वर्षाला आम्हाला साथरोगशास्त्र आहे. (दम्यामुळे मला तीन वर्षे शाळेत न पाठवता तुम्ही ओट्यावर चिंचोके मांडून शिकवलेत, तेव्हा तुम्ही म्हणायचात, अंश कोणीही सांगेल, आधी छेद विचार. आमचे सर हेच तासभर सांगतात आणि त्याचा पगार घेतात.) या विषयाने माझे रोजचे जगणे नासवले आहे. रिम्शाच्या लग्नानंतरच्या वलीम्याच्या जेवणाला मी दालचा कोणी खाल्ला आणि कोणी नाही याची यादी रुमालावर केली. दुसऱ्या दिवशी कोणालाही काही झाले नाही आणि मला थोडे वाईट वाटले. एसटीत कोणी खोकले की मी त्याच्या पुढच्या-मागच्या सीटा मोजते. अम्मी म्हणते की पूर्वी मी फक्त स्वतःच्या तब्येतीला घाबरायचे, आता सरकारी पातळीवर घाबरते.

तर सुट्टीत एक वाडी निवडून घरटी पाहणी करायची होती. अब्बांचा किराण्याचा टेम्पो त्या बाजूला जातो, म्हणून मी ती वाडी घेतली. टेम्पो उतरवतो तिथून पाऊण तास चढ आहे. भात पिकलेले असते, तरी सकाळी दहापर्यंत धुके उठत नाही. माणूस दिसायच्या आधी त्याचा खोकला येतो. वाडीत बावीस घरे. पहिल्याच घराच्या अंगणात ठमाबाई भांडी घासत होत्या. मी सलवारीचे पाय झाडून, नाव-गाव सांगून, विचारले, घरात माणसे किती? त्यांनी हात थांबवला.

“माणसं मोजू नये गो,” त्या म्हणाल्या. “मोजली का एक कमी होतो.”

मी त्यांना जनगणना समजावली. त्यांचे यजमान येसाजी आतून म्हणाले, “तिला आपला मुंबईचा सुनील मोजायला सांग. तिकडं लय माणसं हायत, एक कमी झाला तर कुणाला कळायचा नाय.” पण घर काही त्यांनी मोजू दिले नाही, आणि त्यांचे पाहून आणखी सात घरांनी दिले नाही. बाकी चौदा घरांनी दिले. (तिथेही छेद ठरेना. रखमाच्या घरी माणसे सात. पैकी चार मुंबईत. जेवायला तीन, सांगायला सात.) मी माणुसकी म्हणून त्यांच्यासमोर आकडा उच्चारत नसे. फक्त नावे लिहून घेई, आणि उतारावरच्या वळणावर एक सपाट दगड आहे त्यावर बसून बेरीज करी.

चौथे घर कुशाबांचे. त्यांची म्हातारी आई मंजुळाआजी पडवीत बसून असतात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी समोर बसले तर त्या माझ्या खांद्याच्या थोडे बाजूला पाहत म्हणाल्या, “बसा गो दोघी.” मी म्हटले, आजी, मी एकटीच आहे. त्या म्हणाल्या, “बरं.” जसे आपण लहान मुलाच्या खोटे बोलण्याला बरं म्हणतो, तसे. मी मागे वळून पाहिले. पुढे प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर पाहिले. कोणी नव्हते. (त्या दिवशी मी चपला काढून ठेवल्या तेव्हा त्याही मोजल्या. दोनच होत्या.)

तीन दिवसांत चौदा घरे झाली. आम्हाला घरोघरचे पाणीही तपासायचे होते: एक नळी असते, तिच्यात पाणी घेऊन औषधाचा थेंब टाकायचा, पिवळे झाले तर पाण्यात जंतुनाशक पावडर आहे, नाही झाले तर नाही. पावडर त्या झऱ्यात कोणी कधी टाकलेलीच नव्हती, हे पहिल्याच तपासलेल्या घरी, रखमाकडे, कळले होते. तरी पुढच्या आठ घरीही मी थेंब टाकून पाहिला, कारण फॉर्मवर रकाना होता. तिसऱ्या दिवशी सामानाची पिशवी घरी विसरले, म्हणून उरलेल्या पाच घरी नुसती नावे लिहिली. त्याच संध्याकाळी तुम्हाला ते पत्र लिहिले.

दहा तारखेला मी फॉर्मवरच्या राहिलेल्या सह्या घ्यायला परत गेले. वाटेत कोणी भेटले नाही. कुत्री अंगणातच होती, मला बघत होती, पण भुंकली नाहीत. सपाट दगडावर अर्धे कापलेले लिंबू होते, हळद-कुंकू लावलेले, आणि त्यात एक पेन्सिल उभी खोचलेली होती, टोक वर. पेन्सिल माझीच होती, मागच्या बाजूला माझ्या दातांच्या खुणा होत्या. (मी ती हरवली असे समजून नवी घेतली होती.) ती मी काढून घेतली नाही. त्या दगडाला वळसा घालून गेले, तेही डावीकडून की उजवीकडून जावे याचा बराच विचार करून.

वर प्रत्येक दार लोटलेले आणि आत चुलीचा धूर. ठमाबाई तेवढ्या बाहेर आल्या. त्यांनी मला घरे बोटाने दाखवली, एकेक, न मोजता. इथे जुलाब, इथे उलट्या, इथे दोघे झोपलेत. कुशाबांच्या आईला उद्या डोलीत घालून खाली नेणार. मी शिव्यांची वाट पाहत होते. त्यांनी मला पाणी विचारले. “तुझं काय चुकलं नाय गो, तुला शिकवलंच तसं,” त्या म्हणाल्या. “आता उलट मोज. जेवढी धरलीस तेवढी सोड.”

मी त्यांना सांगितले की असे नसते. मग परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून लिहून घेतलेल्या एकाहत्तर नावांपासून शून्यापर्यंत उलट मोजले. (पोलादपूरला उतरणाऱ्या बाईंनी मला ‘मंत्र कुठला?’ विचारले.)

घरी येऊन मी तक्ता मांडला. मोजलेली घरे चौदा, त्यांत आजारी नऊ. न मोजलेली आठ, आजारी शून्य. झरा सगळ्यांचा एकच. फुफीजान, आमच्या पुस्तकात इतका स्वच्छ तक्ता एकही नाही. शास्त्राप्रमाणे त्याचा अर्थ एकच होत होता: मोजल्याने माणसे आजारी पडतात. मी तो तीन दिवस उशीखाली ठेवून झोपले, म्हणजे झोपले नाही. सरांना फोन केला. ते म्हणाले, झऱ्याच्या नावावर टाक, पाणी दूषित लिही, अशा ठिकाणी तेच असते. खालून आरोग्य खात्याची माणसे येऊन झऱ्यात पावडर टाकून गेली, औषधे वाटून गेली, आणि सगळ्यांचे समाधान झाले. वाडी मोजण्याला दोष देते, सरकार झऱ्याला देते, दोन्ही बाजू सुखी आहेत. अब्बांनाही विचारले. (त्यांना पुढचे अजून ठाऊक नाही, पण ठाऊक आहे असे समजून वाचा.) ते म्हणाले, “झऱ्याचं नाव घे. झरा काय उलटून बोलणार आहे?”

काल मी पोलादपूरला मंजुळाआजींना दवाखान्यात बघायला गेले. दहा दिवस तिथे आहेत. मधे लघवी बंद झाली होती, डॉक्टरांनी कुशाबांना मुंबईहून माणसे बोलवायला सांगितले होते. मी कॉटजवळ उभी राहिले तोच त्यांनी मान वळवली. माझ्या खांद्याशेजारी बराच वेळ पाहिले आणि विचारले, “आज एकटीच? दुसरीला कुठं ठेवलंस?”

मी त्या बोलण्यात काही नाही असे म्हणून बाहेर आले आणि बाकावर बसून वही उघडली. पाण्याच्या रकान्यात नऊ वेळा ‘शून्य’ होते आणि मग पाच घरे कोरी. नऊ आणि पाच. आजारी तीच नऊ, धडधाकट तीच पाच. मोजलेली सगळी चौदा होती. तपासलेली फक्त नऊ. तपासायच्या नळीचे तोंड इतके अरुंद की हंड्यात बोटे बुडतात, आणि लोकांच्या पिण्याच्या पाण्यात माझी बोटे बुडू नयेत म्हणून मी काळजीने दर घरी हंड्यात घरून नेलेला एक स्टीलचा पेला बुडवून पाणी काढले होते. एकच पेला, नऊ हंडे. पहिला हंडा रखमाचा, समीक्षाला धुतलेल्या हातांनी भरलेला. दर वेळी मी तो ओढणीने कोरडा पुसला, कारण ओला पेला पिशवीत ठेवणे मला स्वच्छ वाटत नाही. मंजुळाआजींना ज्या दोघी दिसल्या त्यांतली दुसरी कोण, हे तेव्हा मला समजले. मी तिला स्वतःच्या हाताने घरोघर नेले, आणि प्रत्येक घरी तिला आधी पाणी दिले.

आणि मग त्यांचा प्रश्न उरला. तो पेला तेरा तारखेला मुजम्मिलभाई आले तेव्हा अम्मीने करवंदाचे लोणचे भरून, वर फडके बांधून, तुमच्याकडे मुंब्र्याला पाठवला. म्हणून मी काल तसा फोन केला. लोणच्यात मीठ असते, अम्मीने पेला घासला होता, नऊ दिवस झाले. पुस्तकाप्रमाणे आता त्यात काही असणे शक्य नाही. पण पुस्तकाप्रमाणे दात येताना चार दिवस जुलाब होत नाहीत, हेही मला माहीत होते.

आता माझ्याकडून काय व्हावे, हे मला तुम्हाला विचारायचे होते. मी गप्प राहिले तर कोणाचे काही बिघडत नाही. पण रखमा पुढच्या बाळालाही ‘दात’ म्हणेल, वाडी पुन्हा कोणाला माणसे मोजू देणार नाही, लसवाल्या नर्सबाईंनाही नाही, आणि पुढच्या वर्षी माझ्यासारखी कोणी दुसरी पेला घेऊन जाईल. मी बोलले तर अब्बांचा टेम्पो वर चढेल की नाही सांगता येत नाही. शिवाय पेला कोणाचा, हे लोक आधी विचारतील. पेल्यात काय होते, हे नंतर. तुम्ही मला पहिलीत शिकवलेत की गणित चुकले तर उत्तर खोडायचे, पान फाडायचे नाही. मला पान फाडायची फार इच्छा आहे.

तुमची आज्ञाधारक,
उझ्मा

ता.क. हे सगळे लिहायचे खरे कारण: तो पेला उकळून शनिवारपर्यंत मुजम्मिलभाईंबरोबर परत पाठवा. नुसते सांगून वाडीला पटणार नाही. हातात पेला, शेजारी हंडा, असे दाखवावे लागेल. पेल्यावर उर्दूत तुमचे नाव कोरलेले आहे, म्हणून तुमची परवानगी हवी. कोणी विचारले तर मी वाचून दाखवीन.

ता.क. २. तेरा तारखेनंतर तुमच्या घरात त्या माठातले पाणी कोण कोण प्यायले ते कळवा. नावे लिहा, आकडा लिहू नका. (माझा त्यावर विश्वास नाही. बेरीज मी इथे करून घेईन, किंवा करणार नाही.)

ता.क. ३. पत्र पेटीत टाकायला निघाले तर बाजारात कुशाबा भेटले. मंजुळाआजींना आज सकाळी डोलीतून वर नेले. चालत नाहीत, पण पेज घेतात आणि सुनेला नावे ठेवतात. वाडी पुन्हा पूर्ण आहे, असे कुशाबा म्हणाले. मी मोजलेली नाही. ठमाबाईंनी त्यांच्याबरोबर निरोप दिला आहे की ती वहीवाली येणार असेल तर वही खालीच ठेवून यावी. तशीच जाईन, वही न घेता, पेला घेऊन, सकाळच्या पहिल्या एसटीने, रविवारी, सत्तावीस ऑक्टोबरला.