हिअरइनआफ्टर आणि माझी बहीण

फाडलेल्या मसुद्याचे तुकडे वकील पुतण्या जमिनीवरून गोळा करतो आहे. "काका, हिअरइनआफ्टर नसेल तर मृत्युपत्राला वजन येत नाही," असे त्याचे म्हणणे. वजन त्याने स्वतःचे सांभाळावे. कागदाचे मी बघतो.

मी, वय शहात्तर, कोर्टातला निवृत्त टंकलेखक, डोके ठिकाणावर असताना (शंका असल्यास साक्षीला बसलेल्या डॉक्टरांना विचारावे) आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो की:

१. हिअरइनआफ्टर म्हणजे 'यापुढे, या कागदात'. इथे, आत, नंतर: तीन साधे इंग्रजी शब्द कायद्याच्या कागदांत फार पूर्वी एकमेकांना चिकटले, ते सुटलेच नाहीत. जेवताना कोणी इंग्रजही तो उच्चारत नसेल. उपयोग एवढाच, की माणसाचे नाव एकदा पूर्ण लिहायचे आणि पुढे एका बिरुदावर भागवायचे. कागद संपला की त्याचा अंमल संपतो.

२. वडिलांचे मृत्युपत्र मीच टाइप केले. धाकट्या बहिणीचे नाव लांबलचक, मी आळशी. 'हिअरइनआफ्टर आश्रित' असे ठोकून दिले. घर मला, आश्रिताला मागची खोली. पुढे एकेचाळीस वर्षे तो शब्द घरभर फिरला. "आश्रितांचा चहा झाला का?" माझी बायको विचारायची आणि मी हसायचो. चहा बहीणच करायची. एकदाच ती म्हणाली, "दादा, तो कागद संपला ना रे?" मी पेपर वाचत होतो.

३. सबब राहते घर, पुढच्या दारासह, पूर्ण मालकीने माझ्या बहिणीला. नोंदवताना तिचे नाव दर वेळी पूर्ण लिहावे, बोटे दुखली तरी. घर आपलेच समजून पुतण्याने पडद्यांची मापे घेतली आहेत. मापे त्याने जपून ठेवावीत.

४. टंकयंत्र पुतण्याला. त्याचे एच अक्षर झिजले आहे. कशाने, ते वकिलाला सांगायला नको.

साक्षीदार: डॉक्टर, शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले. सह्या तिघांनी एकमेकांदेखत केल्या. पुतण्याने पाहिल्या.
ठिकाण: स्वयंपाकघर. ११ जुलै, दुपार.

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी दस्त नोंदवून घरी आलो. बहिणीने पुढच्या दाराचे कुलूप बदलले होते.
"अगं, मी अजून जिवंत आहे."
"मग बेल वाजव," ती आतून म्हणाली.