गरज : शून्य

१२ जून

चि. चिमणीस,
अनेक उ. आ.

अखेर आमचा अहवाल छापून आला! पंधरा वर्षांनी आपल्या जिल्ह्यात किती म्हाताऱ्यांना आणि परावलंबी प्रौढांना आंघोळ घालायला, भरवायला, सोबतीला माणूस लागेल, याचा अंदाज बांधता बांधता माझे होते नव्हते ते केस गेले. एक प्रत पाठवतो. आईला मुखपृष्ठ दाखव, त्यावर माझं नाव आहे.

तुमच्या वॉर्डाची गरज सर्वांत कमी निघाली. त्यामुळे बारक्याचं दिवसकेंद्र पुढच्या महिनाअखेर दुसरीकडे हलवतील असं दिसतं. पण तू घरी आहेसच, मला घोर नाही. आपला हा धाकटा भाऊ सेहेचाळीसचा झाला ना? अजून कुणी खोकलं की हसतो का?

लोभ आहेच, तो असाच असू दे.
दादा

२० जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईला मुखपृष्ठ दाखवलं. तुझ्या नावावरून तिने बोट फिरवलं आणि हा कोण म्हणून विचारलं. मग मी आत वाचलं.

पान एक्केचाळीस. अंथरुणाला खिळलेली व्यक्ती असो, नाहीतर पाच वर्षांच्या समजेचा सहा फुटी माणूस असो, घरात काळजी घेणारी बाई असली की गरज शून्य. दादा, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पंधरा वर्षांनी तुझ्या तक्त्यात आई शहाण्णव वर्षांची होते, बारक्या एकसष्टचा होतो, आणि मी मात्र चोपन्नचीच राहते. अरे, मी तेव्हा एकोणसत्तरची असेन. तोवर उभी असले तर.

मंगळवारी बारक्या न्हाणीघरात घसरला. मला उचलेना. पाऊण तास आम्ही दोघं ओल्या फरशीवर बसून होतो आणि आतून आई कूस बदलायला हाका मारत होती. तुझी शून्य गरज ती हीच.

केंद्रात तो खोक्यांना चिकटपट्टी लावतो. ते त्याचं ऑफिस आहे. ते हललं तर रोज सकाळी पिशवी खांद्याला लावून दारात बसेल, आणि त्याला समजवायला तू नसशील. त्या सहा तासांत मी आईचं सगळं करते, कधीमधी पाठ टेकते. तो तक्ता बदल.

रागावले आहे, तरी लोभ सोडलेला नाही.
चिमणी

२८ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

डोक्यात राख घालून घेऊ नकोस. काळजी घेणाऱ्याचं वय धरायची पद्धतच नाही, ती काही मी काढलेली नाही. पाहणीच्या फॉर्मवर ‘घरात काळजी घेणारं कोण’ यापुढे तुझंच नाव, तुझ्याच अक्षरात आहे. साहेबांची सही झालेला तक्ता बदलत नाही. परिस्थिती बदलली असेल त्याने नवा फॉर्म भरावा, मग अधिकारी घरी येऊन तपासतात. पण तू काय लिहिणार? तू नाही तर कोण आहे त्यांना?

जरा शांतपणे विचार कर. कंबरेला शेक घेत जा.

समजून घेशीलच.
दादा

४ जुलै

ती. दादास,
सा. न.

शांतपणे विचार केला आणि नवा फॉर्म भरून आले. वॉर्ड कचेरीतल्या बाई म्हणाल्या, रकाना कोरा चालणार नाही. म्हणून बारक्याच्या नावापुढे तुझं नाव आणि तुझा पत्ता लिहिला. नातं, सख्खा मोठा भाऊ. वयाला जागाच नव्हती, तू म्हणतोस तसं.

सोमवारी तुझ्याच खात्याच्या बाई तुझ्याकडे येतील. त्यांच्यासमोर नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, पण तोंडाने म्हण. आजवर न म्हणताच सुटलास. गेल्या वर्षी दोनदा आलास, दोन्ही वेळा गाडी दारात चालू ठेवून. तुला दोष देत नाही असं लिहिणार होते. देते.

आज लोभाचं काही लिहीत नाही.
चिमणी

९ जुलै

चि. चिमणीस,

बाई काल आल्या. मीच बसवलेले बारा प्रश्न त्यांनी मला विचारले. बारक्याची दाढी कोण करतं, औषध कशाबरोबर घेतो, घाबरला की काय करतो. मला दोन उत्तरं आली, वय आणि उंची. मी चिडलो, मी कोण आहे ते सुनावलं. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. शेवटी माझ्या नावापुढे ‘अयोग्य’ लिहून गेल्या.

आज सभेत मी तक्ता चुकलाय म्हणून सांगितलं. साहेबांनी चहा मागवला आणि पुढचा विषय घेतला. केंद्र हलणारच. मी भांडत राहीन, पण खोटी आशा लावत नाही. शनिवारी येतोय, दोन महिन्यांची रजा टाकून. बारक्या मला जवळ येऊ देईल का, माहीत नाही.

आपल्या घराचा फॉर्म मी पुन्हा भरला. गरज शून्याची तीन झाली. पहिली आई, दुसरा बारक्या. तिसऱ्या ओळीत तुझं नाव लिहिलं आणि त्यापुढे वयाचा रकाना हाताने आखला.

राग राहू दे, पत्रं थांबवू नकोस.
दादा