नऊ दिवस बंद पडलेलं मशीन

थोरले,

मी ठमीला घेऊन दवाखान्यात गेलेय. रागवायचंच असेल तर माझ्यावर रागव, तिच्यावर नको.

तुझ्या लेकीच्या साखर मोजायच्या मशीनची बॅटरी नऊ दिवसांपूर्वी संपली. वहीत मात्र रोज सकाळचा आकडा आहे. एकशे बारा, एकशे अठरा, एकशे पंधरा. खाली तुझी सही. एकदा तरी ते मशीन हातात घेतलंस का?

तिला विचारलं, तर म्हणाली, "आजी, आकडा वाढला की आई आधी 'काय खाल्लंस?' म्हणते. म्हणून तिला आवडतील तेच लिहिले." तेरा वर्षांची पोर आपला आजार सांभाळायचा सोडून तुझा मूड सांभाळतेय!

हे तू माझ्याकडूनच उचललंस, त्याचा संताप जास्त आहे. तुला धाप लागली की मीही आधी "पळालीस ना?" म्हणून ओरडायचे. दोन वर्षं तू दम्याचा पंप कंपासपेटीत लपवलास आणि मी सगळ्यांना सांगत सुटले, पोरीचा दमा गेला.

आज बॅटरी घातली. आकडा आला तीनशे बारा. दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन केला, त्यांनी सांगितलं तेवढं इन्सुलिन ठमीनं स्वतः घेतलं. डॉक्टरांशीही तीच बोलेल, मी बाहेर बाकावर बसेन. तिची उत्तरं द्यायला तू धावत येऊ नकोस.

टेबलावर नवी वही आहे. पहिल्या पानावर तीनशे बारा, तिच्या अक्षरात. काही न विचारता खाली सही कर. नऊ दिवसांत खऱ्या आकड्याखाली ती तुझी पहिलीच सही असेल.

आई