आईचा सरळ फोटो

लातूर, १७ नोव्हेंबर २०२४

आ. बाबांस,
समीक्षाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

कंधारहून सुखरूप पोचले. तुम्ही जन्मभर टपाल वाटलं, फोनवरची खुशाली तुम्हाला खुशालीच वाटत नाही, म्हणून हे पत्र. दिवसा शिकवणीच्या ऑफिसात काम आणि संध्याकाळी माझी स्वतःची शाळा. मोबाइलवर मोठमोठ्या फोटोग्राफरांचे फोटो उघडायचे, उजेड कुठून आलाय, काय घेतलंय, काय सोडलंय ते ओळखायचं आणि रविवारी तसाच काढून बघायचा.

त्यातून एक कळलं. माणूस कॅमेऱ्याकडे बघायला लागलं की अवघडतं. आईला सांगा, रागावू नकोस. सुट्टीत ती पदर सारखा करून भिंतीपाशी उभी राहिली तेव्हा मीच तिला, जा, डाळ निवडत बस, म्हणून हाकललं. पण त्या डाळ निवडणाऱ्या हातांचा फोटो अनोळखी लोकांनी किती वाखाणलाय! त्याची आणि आणखी दोन फोटोंची प्रिंट पाठवतेय.

माया आहे तशीच राहू द्या.
आपली समीक्षा

कंधार, २ डिसेंबर २०२४

चि. समीक्षास,
बाबाचा जयभीम व आशीर्वाद.

फोटो मिळाले. एकात हात, एकात पाठ, एकात दारातली सावली. तुझ्या आईनं उलटसुलट करून बघितले आणि म्हणाली, पोरगी लई शिकली, पण माझं तोंड कुठं ठिवलं? शेजारच्या कोंडाबाईनं तर विचारलं, ह्या बाई कोण हायेत? दोघी हसून बेजार झाल्या. मी पडलो टपालातला माणूस, पाकिटावर नाव नसलं की माझा जीव घुटमळतो. बाकी फोटो छान आहेत.

जयंतीला आलीस की एक सरळ फोटो काढ म्हणते. जांभळी साडी त्यासाठी वेगळी ठेवलीय. चालताना तिला दम लागतो. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, काळजीचं नाही म्हणाले.

पत्राला उशीर लावू नकोस.
तुझा बाबा

लातूर, २० एप्रिल २०२५

आ. बाबांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

जयंतीचे फोटो आज निवांत बघितले. जांभळ्या साडीत आई काय नटली होती! थेट माझ्याकडेच बघत होती, मीच म्हणाले, खिडकीकडे बघ. त्या आठवड्यात मी एका परदेशी फोटोग्राफरनं काढलेल्या म्हाताऱ्या बायका बघत होते, त्याच डोक्यात होत्या. आईचा अर्धा चेहरा अंधारात आणि उजेडातल्या गालावर पदर, फार सुरेख आलाय.

तिला सांगा, सरळ फोटो आधार कार्डासाठी असतात. तोंड फुगवलंच तर पुढच्या वेळी तोही काढीन, शब्द देते. गोळ्या वेळेवर घेते ना?

आठवण ठेवा.
आपली समीक्षा

कंधार, १९ ऑगस्ट २०२५

चि. समीक्षास,
आशीर्वाद.

आईला अखेरचं पोचवून तू परत गेलीस, तेव्हापासून घरात करमत नाही. फोनवर तुझा आवाज आला की मला बोलवत नाही, म्हणून लिहितो. तिच्या नावाचं पुण्यानुमोदन रविवारी, ३१ तारखेला ठरलंय. बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमांशेजारी तिचा फोटो ठेवायचा, तर संघपालच्या मोबाइलात एकही धड नाही. तुझा हा भाऊ म्हणतो, ताई फोटो शिकलेली, मग मी कशाला काढू?

शेवटी स्टुडिओवाल्यानं आधार कार्डावरचा नखाएवढा फोटो मोठा केला. चेहरा गोरा केला, सुरकुत्या पुसल्या, दुसऱ्याच कुणाची भरजरी साडी चढवली. कोंडाबाई त्या फ्रेमपुढं बसली आणि म्हणाली, मला रडूच येईना. तुझ्याकडे एखादा सरळ असेल तर बघ, बाळा.

तुझा बाबा

लातूर, २३ ऑगस्ट २०२५

आ. बाबा,

सगळे बघितले. नाही. हात आहेत, पाठ आहे, मानेवरचे केस आहेत. एकात ती सरळ बघतेय, पण मी फोकस पुढच्या तांब्यावर ठेवला होता, मागं आई नुसती धूसर.

त्या परदेशी म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ मला पाठ आहे. आपल्या आईचं तोंड मात्र मी बघितलंच नाही, बाबा. ती माझ्यासमोर नटून उभी राहिली होती. मला फार वाईट वाटतंय.

स्टुडिओवाल्याला सुरकुत्या परत घालायला सांगा. तिचा तीळही पुसलाय का त्यानं? तोही घालायला सांगा. कोणत्या गालावर होता, मला आठवेना. तुम्ही सांगा त्याला.

समीक्षा

कंधार, २७ ऑगस्ट २०२५

चि. समीक्षास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून लगेच स्टुडिओकडे निघालो. उजवा गाल, हे मला पक्कं ठाऊक होतं. दारात कोंडाबाई भेटली, ती म्हणाली, डावा. संघपालला विचारलं, तर तो म्हणतो, गालावर न्हाईच, हनुवटीवर. आधार कार्डावरच्या फोटोत तर तीळ दिसतच नाही.

मग मी ओट्यावर बसलो आणि तिचा चेहरा आठवायला लागलो. तिचा खोकला आठवला, मला हाक मारायची ती आठवली. तीळ काही जागेवर बसेना. इतकी वर्षं एका ताटलीत भाकरी खाल्ली आम्ही. तेव्हा सगळा दोष एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस.

फ्रेम परत केली. फोटोची जागा रिकामी राहू दे. तू शनिवारीच ये. आपण चौघं बसू, आणि सगळ्यांना मिळून तरी ती किती आठवते ते बघू.

वाट बघतो.
तुझा बाबा