उंबर, कलोली आणि निळा टुराको

२ जून, सोमवार
आजपासून रोज सकाळी साडेसहाला टेकडीवरच्या बागेत. तीस वर्षं कंपालाच्या पोरांना भूगोल शिकवला, आता पक्ष्यांचे फोटो. चर्चच्या कॅलेंडरवर डिसेंबरचं पान माझं, असं फादरना सांगूनही टाकलं. त्यावर निळा टुराको पक्षी! नालवेयिसो म्हणाली, आधी उठून तर दाखवा. बायकोला कलेतलं काय कळतं.

३ जून
हुतात्म्यांच्या सुट्टीची गर्दी. गेलो नाही. पक्षीही येत नसणार.

४ जून, सकाळी ९.२०
चहाला उशीर झाला, तो बायकोमुळे. टुराको नाही. मधल्या उंबरावर मात्र चाळीस-एक कलोली, म्हणजे आपले उकिरड्यावरचे मराबू करकोचे. टकली डोकी, गळ्यात लोंबती पिशवी, पोटात अख्ख्या शहराचा उकिरडा. ऊन लागलं की स्वतःच्याच पायांवर हगतात. वर्गात शिकवलं होतं, डोळ्यांनी आज पाहिलं. नाकाला रुमाल लावून परतलो.
फोटो : शून्य.

७ जून
बाग झाडणाऱ्या नाकाबुगोबाई म्हणाल्या की निळा पक्षी सातला येतो, तुम्ही येता नऊला. मी त्यांना प्रकाशाचा कोन समजावून सांगितला. कोणत्या झाडावर येतो, ते विचारलं नाही. मास्तराने झाडूवालीला काय विचारायचं?

११ जून
शी. शी. शी. उंबराखालून जाताना कॉलरवर आणि लेन्सवर एकदम. वास दोन आंघोळींनंतरही गेला नाही. नालवेयिसोने शर्ट काठीने उचलला. फोटोग्राफीला या घाणीत भवितव्य नाही. उद्यान कचेरीला पत्र लिहिलं : सदर झाड आरोग्यास घातक, त्वरित तोडावे. अक्षर सुरेख आलं.

१५ जून
प्रार्थनेनंतर एक्केचाळीस सह्या मिळाल्या. नाकाबुगोबाईंनी सही केली नाही. त्या झाडाच्या फळांचं काहीतरी सांगत होत्या. म्हटलं, फळांचं नंतर बघू.

२६ जून
माझ्या पत्राची दखल! आयुष्यात पहिल्यांदा. करवत सकाळी आठला सुरू झाली. उंबर पडताना साठ फोटो काढले, सगळे स्वच्छ.
घरट्यांतली पिल्लंही पडली. पिसं धड फुटलेली नाहीत, गळ्याशी तीच कातडी. बाई त्यांना ढकलगाडीत भरत होत्या. मला म्हणाल्या, एक हात लावा. हात माखले असते. तसा प्रकाशही बरोबर नव्हता.

३० जून, सकाळी ७.०५
आज उठलो. कलोलींविना बाग कशी दिसते ते बघायचं होतं.
आणि तो आला. कोंबड्याएवढा, निळाशार, लांब शेपटीचा. सरळ उंबराच्या जागी गेला. तिथे फांदी नव्हती. जड पंख फडफडवत हवेतच चाचपडला, एक फेरी मारली, आणखी एक, आणि दलदलीकडे निघून गेला.
नाकाबुगोबाई खराट्यावर रेलून बघत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "हाच तो, मास्तर. याच उंबराची फळं खायला यायचा. तेच सांगत होते तुम्हाला."
कॅमेरा डोळ्याला लावलेला होता. बोट बटणावर होतं. दाबलं नाही.
घरी नालवेयिसोने विचारलं, मिळाला का? म्हटलं, ऐन वेळी बॅटरी उतरली.
तिने कॅमेरा उचलून बघितला, परत टेबलावर ठेवला आणि माझ्यापुढे चहा सरकवला. बॅटरी भरलेली होती.