योसेफाच्या नाटकाची नक्कल

मी, एलोजी आबाजी नवगावकर, वय एकाहत्तर, पूर्वी तारमास्तर, आता आमच्या बेने इस्राएल सिनेगॉगचा सेवक, राहणार चेंदणी, ठाणे, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. दमा आता फार दिवस काढू देईल असे वाटत नाही.

१. राहत्या दोन खोल्या व भांडीकुंडी पत्नी रिबकाबाई हिची.

२. पेटी विकू नये. वाजवणारा भेटल्यास फुकट द्यावी. आमच्या नाटकमंडळीतले अकरा जण इस्रायलला गेले, तिघे कबरस्तानात; उरलो मी.

३. माझी खोटी दाढी जाळावी. दर खिरीच्या सणाला आम्ही आमच्या धर्मग्रंथातल्या योसेफाचे नाटक करीत असू. ते थोरला भाऊ रेऊबेन याने रचले, योसेफही तोच झाला, आणि मला धाकट्याला बाविसाव्या वर्षी त्याचा बाप केले. तीस वर्षे त्याला रंगीत झगा, मला दाढी! तो राग मी सोडलेला नाही.

४. रेऊबेन १९५१ साली वारला. त्याची मुलगी लेआ हिने फाटक्या प्रार्थनापुस्तकांचे गाठोडे मला आणून दिले. देवाचे नाव असलेला कागद आम्ही टाकत नाही, कबरस्तानात पुरतो; ते काम माझे. गाठोड्यात नाटकाची वही चुकून आली होती. मी ती उघडून पाहिली. पहिल्या पानावर देवाचे नाव होते. तेवढे निमित्त मला पुरले. बाळकुमच्या परशुरामने खड्डा खणला, वही मी त्यात ठेवली. दुसरी प्रत नव्हती.

लेआ अजून विचारते, "काका, अण्णांची वही कुठे दिसली का हो?" मी म्हणतो, "नाही गं पोरी."

गेल्या जानेवारीत परशुरामकडूनच खड्डा उकरवला. खाडीकाठची जमीन, नुसता लगदा निघाला. मी तिथेच बसून रडलो.

५. मंडळीत ज्याला त्याला आपल्याच भाषणांची नक्कल मिळे. माझी शाबूत आहे. आपण कधी बोलायचे ते कळावे म्हणून तीत प्रत्येक भाषणाआधी समोरच्याचे शेवटचे दोन शब्द लिहिलेले आहेत. रेऊबेनच्या योसेफाचे आता तेवढेच शिल्लक आहे. ही नक्कल लेआची. ती पुढच्या महिन्यात नवऱ्याबरोबर इस्रायलला जाते आहे. माझ्यामागे कलम चार व पाच तिला टपालाने कळवावे. तोंडाने सांगणे माझ्याच्याने होत नाही.

ठाणे, ता. ६ नोव्हेंबर १९५५
सही: एलोजी आबाजी नवगावकर

साक्षीदार:
१. डॉ. प्रभाकर त्र्यंबक दांडेकर, ठाणे. सही.
२. परशुराम गणू पाटील, बाळकुम. अंगठा दिलेला नाही. वाचून दाखवल्यावर म्हणाला, "पयले पोरीला सांग. तवर मना आंगठा मागू नको."