मोहिनीस, कोंबडीसह सर्व मंडळीचा सलाम

मंचर,
१८ जानेवारी

चि. मोहिनी हिला हौशीरामकाकाचा प्रभूच्या नावाने सलाम आणि पोटभर आशीर्वाद.

तू तिकडे झांबियात खुशाल असशील, दवाखान्यातले पेशंट तुझ्या धाकात असतील आणि तू जेवणाच्या वेळी जेवत असशील, असं धरून चालतो. (जेवत नसशील हे मला माहीत आहे, पण पत्राची सुरुवात खोटं बोलून करू नये म्हणून ‘धरून चालतो’ असं लिहिलं.) इकडे आम्ही सर्व ठीक. तुझ्या आईचा, म्हणजे झुंबरवहिनीचा, गुडघा आहे तसाच आहे आणि अंजनाकाकूची जीभही आहे तशीच आहे. माझी साखर वाढली आहे असं डॉक्टर म्हणतो, मी म्हणतो त्याचं मशीन बिघडलंय. अजून निकाल लागलेला नाही.

नाताळ झाल्यावर तुझा फोनवर निरोप आला. मार्चमध्ये माझी तीन वर्षं संपतात, आणखी तीन वर्षं राहू की परत येऊ, मंडळीचं मत कळवा. आणि त्याखाली दुसरी ओळ, की पत्राने कळवा, तीन वर्षांत एकही आलेलं नाही. पहिली ओळ मी चर्चमध्ये मंडळीपुढे ठेवली. दुसरी एकट्यानेच वाचली. मुंबईच्या विमानतळावर तुझी बॅग वजनात बसेना म्हणून ती उघडून आपण खाली बसलो होतो, तेव्हा दर महिन्याला पत्र लिहीन असं मीच म्हणालो होतो, आणि वर ‘हौशीरामचा शब्द आहे’ असंही म्हणालो होतो. तर हे पत्र. छत्तीस पत्रांचं मिळून एक असल्यामुळे लांब आहे. काय ठरलं ते शेवटी लिहिलंय, आधी शेवटचं पान उघडू नकोस.

पत्रं का गेली नाहीत, तर आम्ही तुला पाठबळ देण्यात फार गुंतलो होतो. तू गेल्यावर महिन्याभराने पुण्याहून एक वक्ते आले. परदेशात गेलेल्या मिशनऱ्याला मंडळीने नुसतं हार घालून पाठवायचं आणि मोकळं व्हायचं असं नसतं, त्याच्यासाठी नेमाने प्रार्थना करायची, पत्रं लिहायची, लागेल ते पाठवायचं, त्याच्याशी बोलत राहायचं आणि तो सुटीवर आला की त्याला विसावा द्यायचा, असं त्यांनी दीड तास समजावलं. मग जेवायला बसले आणि तीनदा रस्सा घेतला. माणूस चांगला होता. त्यांच्या मागे आम्ही लगेच मिशनरी पाठबळ समिती नेमली. अवसरी खुर्दचा कांदेवाला गेणभाऊ अध्यक्ष (केला नसता तर तो विरोधी पक्ष झाला असता), महिला मंडळाच्या लंकाबाई सदस्य आणि मी चिटणीस. समितीच्या पहिल्या वर्षी समितीचा फलक रंगवून झाला.

दुसऱ्या वर्षी पार्सल. ते तुला पोचलं, त्यामुळे त्याबद्दल जास्त बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, पण दोष कोणाचा ते एकदा लेखी असावं. महिला मंडळाने तुझ्यासाठी गोधडी शिवली, प्रत्येक घरच्या लुगड्याचा एकेक तुकडा घालून. वहिनीने काचेच्या बरणीत खर्डा दिला. मी टाळांची जोडी टाकली. मी चाळीस वर्षं मंचरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या तोलल्या, तेव्हा पार्सल बांधण्याचा अधिकार माझा होता. पण लंकाबाई म्हणाल्या, बरणी फुटू नये म्हणून ती गोधडीतच गुंडाळा. गुंडाळली. पुढचं तूच कळवलंस. गोधडी सात पाण्यातून काढली तरी तिच्याखाली निजणारा शिंकतो, आणि तापाचा एक म्हातारा पेशंट तिच्याखाली रात्रभर घामाघूम होऊन सकाळी खडखडीत बरा झाला आणि आता दवाखान्यात आला की तीच मागतो. लंकाबाई हे दर बैठकीत साक्ष म्हणून सांगतात. बरणी त्यांनी गुंडाळली हे मात्र सांगत नाहीत.

(त्यातले टाळ तुमच्या तिकडच्या मंडळीतल्या त्या चिलेशेने उचलले आणि तो आता आपली भजनं वाजवतो, उपदेशही छान करतो, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्याच्याबद्दल खाली लिहिणार आहे, लक्षात ठेव.)

मग लंकाबाईंनी वक्त्यांचं ‘बोलत राहायचं’ हे कलम पुढे आणलं आणि ऑक्टोबरात आपण उपासनेतच तुला व्हिडिओ कॉल लावला. व्यासपीठावर पवित्र शास्त्राला टेकवून मोबाइल उभा केला होता. तुमच्याकडे सकाळचे सात वाजले होते, तू नुकतीच रात्रपाळी करून आलेली. आपल्या मंडळीत माणसं सदतीस, आणि झांबिया लांब असल्यामुळे सदतीसही जण ओरडून बोलत होते. गेणभाऊने तिकडे कांद्याला भाव काय ते विचारलं. वहिनीने ‘जेवलीस का गं’ विचारलं, ते तुला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. तू काहीतरी सांगायला लागलीस. ‘काका, मला इथे...’ एवढं आलं आणि तुझं चित्र जागच्या जागी थांबलं.

आता थांबलेल्या माणसापुढे काय करायचं हे त्या पुण्याच्या वक्त्यांनी सांगितलं नव्हतं. कोणीतरी गीत धरलं. सहा कडव्यांचं गीत आम्ही त्या चित्राकडे बघून पूर्ण गायलो, मग पुन्हा पहिल्यापासून गायलो. घरी जाताना सगळे म्हणाले, छान झालं, मोहिनी ऐकत होती. मोहिनी, तुझे डोळे भरलेले होते. चित्र तिथेच थांबलं होतं, त्यामुळे बारा कडवी ते सगळ्यांना दिसत होतं, आणि सदतीस माणसांत एकानेही तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. पुन्हा फोनही लावला नाही. नेटवर्क नव्हतं असं सांगता आलं असतं, पण होतं.

त्याची भरपाई म्हणून नोव्हेंबरातला हंगामाचा सण तुझ्या नावाने करायचं ठरलं. तुला पद्धत माहीतच आहे, ज्याने त्याने शेतातलं पहिलं पीक देवापुढे आणायचं आणि उपासना झाली की लिलाव. डिंभ्याकडच्या धोंडाबाईंनी एक तांबडी कोंबडी आणली. गेणभाऊने बोली लावून घेतली आणि ऐटीत म्हणाला, मोहिनीसाठी परत देवाला. म्हणजे पुन्हा लिलाव. लंकाबाईंनी घेतली, त्या मागे कशा राहतील, परत देवाला. असं करत करत ती कोंबडी अकरा वेळा विकली गेली आणि कोणाच्याही घरी गेली नाही. दुपार टळली, भात गार झाला, कोंबडीला चक्कर आली. शेवटी कोणीच नेईना, कारण जो नेईल तो कंजूष ठरणार. तेव्हा ठराव झाला की कोंबडी मंडळीची, मोहिनी परत येईल त्या दिवशीच कापायची आणि तोवर चिटणिसाने सांभाळायची. तिला सगळे ‘मिशनरी’ म्हणतात. ती माझ्या अंगणात हिंडते आणि अंजनाकाकूच्या हातातली सुरी बघून माझ्या खाटेखाली जाते. नाताळात काकूने दोनदा प्रयत्न केला. मी ठरावाची वही दाखवली.

डिसेंबरात तुझा निरोप आला की तिकडे पाऊस लांबलाय, मका करपतोय, लोकांसाठी प्रार्थना करा. समितीने साखळी प्रार्थना लावली, दर तासाला एक घर. पण अडचण अशी की आपल्याकडे डिसेंबरात पाऊस म्हणजे सत्यानाश. जुन्नरकडे द्राक्षं घडावर आलेली आणि गेणभाऊचा कांदा काढून शेतातच पसरलेला. पाऊस मागायचा तर खरा, पण आपल्याकडे नको. त्यामुळे या मंडळीने जन्मात केली नसेल इतकी जपून प्रार्थना केली. गेणभाऊने तर देवाला रस्ताच सांगितला. ‘देवा, आफ्रिका खंड, झांबिया देश, मोहिनीच्या दवाखान्याच्या आजूबाजूला पाड. आंबेगाव तालुक्याकडं बघू बी नगंस.’ असं त्याने सबंध तासभर सांगितलं. तिसऱ्या दिवशी आंबेगाव तालुक्यात अवकाळी पडला. गेणभाऊचा निम्मा कांदा भिजला.

तो चार रविवार आला नाही. बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, ‘पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता ठळक लिवला की असंच व्हतं, राव.’ त्यात तुझा निरोप आला की तुमच्याकडेही त्याच दिवशी पाऊस पडला. तो मी त्याला लगेच दाखवला नाही, जखमेवर मीठ नको म्हणून. आणि दुसऱ्याच आठवड्यात तुझा तो राहू-की-येऊ हा प्रश्न आला.

गेल्या रविवारी उपासनेनंतर सभा घेतली. मला वाटलं होतं गेणभाऊ तुला परत बोलवा म्हणणार आणि माझं काम सोपं होणार. तो उभा राहिला. ‘माजा कांदा भिजला, ही गोष्ट खरी. पण माज्या सांगण्यावर झांबियात पाऊस पडला, हे बी खरंच हाय. आता ती बाई माघारी आली तर मी कुनासाठी मागू?’ (निरोप त्याला लंकाबाईंनी दाखवला होता. भिजलेल्या कांद्यातून एवढा मोठा संत बाहेर पडेल असं वाटलं नव्हतं.) कोणी वहिनीकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळे तिच्याकडेच बघत होते. वहिनी म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या तिला. तिथं तिची गरज हाय. हितं आपल्याला लई काय नड न्हाई.’ आणि पहिला हात तिने वर केला. नंतर ती बराच वेळ खाली वाकून चप्पल शोधत होती. चप्पल पायातच होती.

लंकाबाईंनी दुसरा ठराव मांडला. पत्रं समितीवर सोडली तर समिती फलक रंगवते, तेव्हा कालव्याच्या पाण्याची पाळी असते तशी पत्राची पाळी लावायची. मंडळीत घरं सोळा, दर आठवड्याला एका घराचं पत्र. पाळी आली की घ्यायचीच, लगीन असो नाहीतर काढणी. जो चुकवेल त्याने पुढच्या रविवारी उपदेश करायचा. हे ऐकल्याबरोबर सोळाही घरं कबूल झाली, अक्षर न येणारीसुद्धा. धोंडाबाई म्हणाल्या, मी बोलून रेकॉर्ड करते, पण उभं करू नका.

तर मंडळीचं मत असं, की तू राहावंस. सगळ्यांचे हात वर होते. वहीत तसं लिहिलं आहे आणि त्याखाली चिटणीस म्हणून माझी सही आहे.

काळजी घे. वेळेवर जेव.

तुझा,
हौशीरामकाका

ता. क. : खर्डा पुन्हा पाठवतोय, या वेळी प्लॅस्टिकच्या डब्यात. गोधडीपासून लांब ठेवला आहे, पण त्या म्हाताऱ्याला वास येईल असं कर.

ता. क. २ : चिलेशेबद्दल. आपल्याला स्वतःचे पाळक नाहीत याला दीड वर्ष झालं. जुन्नरचे पाळक महिन्यातून एकदा मोटरसायकलवर येतात, बाकीचे रविवार मी जुने उपदेश वाचून दाखवतो. लोक झोपतात, आणि मी वाचतावाचता झोपतो. तुझ्या पत्रात तिकडे दर रविवारी दोनशे माणसं बसतात असं होतं. मग आता मिशनरी पाठवायची पाळी तुमची नाही का? तू सुटीवर येशील तेव्हा त्याला महिनाभर घेऊन ये. भाषेची काळजी नको, टाळ आहेत. तुमच्या मंडळीने त्याच्यासाठी प्रार्थना, पत्रं वगैरे कसं करायचं ते आम्ही समजावून सांगू, आम्हाला अनुभव आहे. आणि वहिनी सभेत म्हणाली ते बरोबर नाही. आम्हाला नड आहे.

ता. क. ३ : सगळ्यांचे हात वर होते असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. एक हात खाली होता. हातात पेन होतं, ठराव लिहीत होतो, अशी सबब मी स्वतःलाच सांगितली आहे. पेन डाव्या हातात घेता आलं असतं. तेव्हा नीट हिशोब धर. ये म्हणणारा मी एकटा. राहा म्हणणारे तुझी आई, गेणभाऊ, लंकाबाई, सगळी मंडळी आणि खाटेखालची ही कोंबडी, कारण तू आलीस की तिच्या मानेवर सुरी. देवाने कोंबडीचं ऐकावं अशी मी प्रार्थना करतो. रोज नाही. ज्या दिवशी जमते त्या दिवशी.